कोकणातल्या परसात कळलावी: कंदापासून फुलापर्यंत

ऑनलाइन नर्सरीत ‘टॉर्च लिली’ म्हणून दिसणारी, उभ्या मशालीसारखी केशरी-पिवळी फुलं येणारी निफोफिया मूळची दक्षिण आफ्रिकेची. बुडाशी पाणी साचलं की तिचा गड्डा कुजतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्यात किनारपट्टीवर ती लावणं म्हणजे पैसे पागोळीखाली ठेवण्यासारखं. बागेत ज्वाळेचाच रंग हवा असेल, तर गडग्यावर आणि वईत आपसूक उगवणारी कळलावी लावा. अग्निशिखा, खड्यानाग, गौरीचे हात ही तिचीच नावं. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. मृगाच्या पावसाबरोबर ती वर येते, श्रावण-भाद्रपदात फुलते आणि थंडी सुरू होता होता जमिनीत निजते.

तिला वाढवायला फार काही करावं लागत नाही. लावलेली कळलावी हातची जाते ती बहुतेक दोन कारणांनी: लावतानाच कंदाचा डोळा मोडतो, किंवा ती निजलेली असताना तिला पाणी मिळत राहतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टी सांभाळण्यासाठीच आहेत.

आधी हे वाचा: झाड विषारी आहे

पान, खोड, फूल, बी, कंद, सगळ्यात कॉल्चिसीन हे विष असतं. कंदात आणि बियांत सर्वाधिक. कोकणात खरा धोका कंदाचा. आपण परसात कणगी, करांदे, कोनफळ, रताळी लावतो आणि कळलावीचा तपकिरी सालीचा, आतून पांढरा कंद त्यांच्यात सहज खपून जातो. कणगी समजून तो उकडून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. उकडल्याने विष जात नाही.

म्हणून तीन नियम. एक, कणग्या-करांद्यांच्या वाफ्यात किंवा त्याला लागून कळलावी कधीच लावू नका. दोहोंच्या मध्ये पायवाट तरी हवी. दोन, कंद हाताळताना रबरी हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा. तीन, तिचा पाला किंवा वेल गुरांच्या, शेळ्यांच्या पुढ्यात जाऊ देऊ नका. घरात रांगतं मूल असेल तर दोन-चार वर्षं थांबा, झाड कुठे पळून जात नाही.

कुणाच्या पोटात चुकून गेलंच, तर उलटी-जुलाब सुरू व्हायला काही तास लागतात. मधल्या वेळात माणूस ठणठणीत दिसतो आणि तिथेच घरचे फसतात. लक्षणांची वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा, झाडाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या. मीठपाणी पाजून ओकारी काढण्यासारखे घरगुती उपाय करू नका. आणि ‘औषधी आहे’ म्हणून कंद उगाळणारे प्रत्येक गावात भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

लागणारं सामान

- कंद: प्रत्येकी निदान ५० ग्रॅम वजनाचे, डोळा शाबूत असलेले
- रबरी हातमोजे, खुरपं
- कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत: खड्ड्यामागे दोन ओंजळी
- जांभ्याची बारीक खडी किंवा नदीची जाड वाळू
- चुलीतली चाळलेली राख
- ट्रायकोडर्मा भुकटी (कंद कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी): कृषी सेवा केंद्रात मिळते
- बांबूच्या बारीक कामट्या आणि काथ्या
- कंदाची जागा दाखवायला खुंट्या किंवा पाट्या

१. कंद मिळवा, पण जंगलातून उपटू नका

सड्यावरची, घाटातली कळलावी उकरून आणायचा मोह होतो. औषधी बाजारासाठी तिचे कंद इतके खणले गेलेत की पुष्कळ ठिकाणी ती विरळ झाली आहे. शिवाय राखीव वनातून परवानगीशिवाय काहीही काढणं गुन्हा आहे. शेजाऱ्याच्या कुंपणात असेल तर त्याला विचारून हिवाळ्यात एखादा कंद मागून घ्या, किंवा लागवडीचे कंद विकत घ्या. तमिळनाडूत दिंडिगुल, करूर भागात बियांसाठी कळलावीची मोठी शेती होते (ती त्या राज्याचं राज्यफूलही आहे), त्यामुळे कुरियरने येणारे पुष्कळसे कंद तिकडचे असतात. नर्सरीत ‘रॉथ्सचाइल्डियाना’ नावाने मोठ्या, गडद तांबड्या आणि पिवळ्या काठाच्या फुलांचा प्रकार मिळतो. तोही चालतो, निगा तीच.

कंद हातात आल्यावर काय बघायचं? कळलावीचा कंद बोटाएवढ्या जाडीचा, इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘एल’ अक्षरासारखा दोन फांट्यांचा असतो. फुटवा फक्त फांट्याच्या टोकाला येतो. तिथे एक लहानसा फुगीर, फिकट डोळा असतो. बटाट्याला जागोजाग डोळे असतात, तसं इथे नाही. टोक मोडलं की तो फांटा संपला, मग बाकीचा कंद कितीही गुबगुबीत असो. पुड्यात आलेला कंद टोकाला तुटलेला आणि करपलेला दिसला तर त्याच दिवशी फोटो काढून परत करा. ‘लावून बघा, येईल’ हे विक्रेत्याचं म्हणणं ऐकू नका.

वजनही महत्त्वाचं. करंगळीएवढे पंधरा-वीस ग्रॅमचे कंद स्वस्त पडतात, पण पहिल्या वर्षी नुसता वेल येतो, फूल नाही. त्याच वर्षी फूल हवं असेल तर पन्नास ग्रॅमच्या खाली जाऊ नका.

२. जागा ठरवा

वेलाच्या शेंड्याला ऊन आणि बुडाला सावली, अशी जागा तिला मानवते. रानात ती झुडपाच्या मुळाशी उगवून त्याच्यातूनच वर चढते, म्हणून गडग्याचा किंवा कुंपणाचा पूर्वेकडचा पायथा उत्तम. दिवसाला चार-पाच तास ऊन पुरे. दाट सावलीत वेल लांबच लांब जातो आणि फुलं दोन-चारच येतात.

टाळायच्या जागा अशा:

पागोळीखाली नाही. कौलांवरून पडणारी धार एकाच रेषेत माती खणत जाते. कंद उघडा पडतो नाहीतर डबक्यात बसतो. घराला लागून लावायचंच असेल तर पागोळीच्या रेषेपासून दीड-दोन फूट बाहेर.

शिंपण्याच्या आगरात नाही. नारळी-पोफळीच्या बुंध्याशी सावली छान असते, म्हणून बरेच जण तिथेच लावतात. पण आगराला डिसेंबर ते मे पाणी सुरू असतं, आणि कळलावीला त्याच महिन्यांत कोरडी माती हवी असते. पहिल्या वर्षी वेल मस्त येतो, फुलतो, आणि पुढच्या जूनला खड्ड्यात चिकट लगदा सापडतो. आगरात लावायचीच असेल तर कंद दर हिवाळ्यात काढून ठेवायची तयारी ठेवा.

अगदी समुद्रासमोर असाल तर खाऱ्या वाऱ्याचा विचार करा. जून-जुलैतल्या वाऱ्याने पानांची टोकं करपतात, आणि याच वेलाला चढायला ती टोकंच लागतात. घराच्या किंवा गडग्याच्या आडोशाला, समुद्राकडे पाठ करून लावा.

३. माती तयार करा

वरकस जमिनीतली जांभ्याची तांबडी माती कळलावीला मुळातच आवडते, कारण तिच्यातून पाणी झरतं. अडचण येते ती भातखाचराच्या चिकट मातीत. तिथे निदान नऊ इंच उंच गादीवाफा करा, तोही उताराच्या दिशेने.

निचरा तपासायचा सोपा मार्ग: फूटभर खोल खड्डा खणा, तो पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत जिरलं तर जागा चालेल. तळाशी कातळ लागला आणि पाणी उभंच राहिलं तर जागा बदला. कातळावर पसरलेल्या सहा इंच मातीत जुलैमध्ये अक्षरशः तळं होतं.

मिश्रण असं: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जांभ्याची खडी किंवा नदीची वाळू. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून घालू नका, तिच्यातलं मीठ मुळांना मारक आहे. आपली माती आम्लधर्मी असते, त्यामुळे खड्ड्यामागे मूठभर राख मिसळली तर बरं. तिच्यातून पालाशही मिळतं. ताजं शेण नको. त्याने कंद भाजतो आणि हुमणीला आमंत्रण मिळतं.

कुंडीत लावायची असेल तर हेच मिश्रण, किमान १२ ते १४ इंच व्यासाची आणि तेवढीच खोल कुंडी, तळाला तीन-चार मोकळी भोकं, एका कुंडीत एक, फार तर दोन कंद. कुंडीखाली ताटली ठेवू नका. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, म्हणजे पावसाळ्यात भोकं बुजत नाहीत.

४. लावणी: मेचा दुसरा पंधरवडा ते मृग

घरात ठेवलेल्या कंदाचा डोळा एप्रिल-मेमध्ये फुगू लागतो. तो हिरवट टोकदार दिसला की लावायची वेळ झाली. मृगाचा पाऊस ७-८ जूनला धरला, तर त्याआधी दोन-तीन आठवडे लावणी उरकलेली बरी. चिखलात कंद लावू नका.

लावायच्या आधी पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा एक लिटर पाण्यात कालवून कंद अर्धा तास बुडवा आणि सावलीत सुकवा. कंदाचे दोन फांटे वेगळे करायचे असतील तर सांध्यावर स्वच्छ सुरीने कापा, कापलेल्या जागी राख चोळा आणि दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, मगच लावा. प्रत्येक फांट्याला त्याचा डोळा असला पाहिजे. घाई नसेल तर न कापता आख्खाच लावलेला बरा. कापलेली जागा म्हणजे कुजायला आणखी एक दार.

खड्डा दोन ते तीन इंच खोल. कंद आडवा ठेवा, उभा खुपसू नका. डोळ्याचं टोक आधाराकडे करा. माती हाताने लोटून हलकेच दाबा. पायाने दाबली तर डोळा तिथेच मोडतो. दोन कंदांत दीड फूट अंतर. वर दोन इंच पातेरा पसरा आणि लगेच खुंटी ठोका. पुढच्या तीन-चार आठवड्यांत वर काहीच दिसत नाही, आणि याच काळात कुणीतरी तिथे मिरचीची रोपं लावायला खुरपं चालवतं.

लावल्यावर एकदाच हलकं पाणी द्या. मग वळीव येईपर्यंत माती अगदी ठणठणीत झाली तर आठवड्याने एकदा, बाकी नाही.

५. आधार कोंब दिसण्याआधी उभा करा

कळलावी खोडाने वेढे घेत नाही. पानाचं टोक लांब होऊन वळतं आणि त्या आकड्याने ती आधार पकडते. आकडा दीडेक इंचाचा. त्याचा वेढा पेन्सिलीएवढ्या जाडीपर्यंतच बसतो. जाड बांबू किंवा नारळाचा बुंधा तिला पकडताच येत नाही. मग वेल चार फुटांवर येऊन कोसळतो आणि खोड सांध्यावर कटकन मोडतं.

बांबूच्या बारीक कामट्या सहा-सात फूट उंच उभ्या करा आणि त्यांना वीतभर अंतराने आडवा काथ्या बांधा. कुंपणाला मेंदी किंवा तशीच बारीक फांद्यांची झुडपं असतील तर वेगळा आधार लागत नाही. मासेमारीचं जुनं जाळंही पुष्कळ जण वापरतात. वेल त्यावर सुरेख चढतो, पण नायलॉनच्या जाळ्यात धामण, दिवड अडकून मरतात. जाळं लावायचं तर जमिनीपासून दीड फूट वर बांधा आणि हंगाम संपला की काढून ठेवा.

वेल दहा फुटांपर्यंत जाऊ शकतो. वर गेलेला शेंडा पहिले काही दिवस काथ्याने सैल बांधा. एकदा आकड्यांनी पकड घेतली की तुमचं काम संपलं.

६. पावसातलं खत-पाणी

पाणी द्यायचा प्रश्नच नाही. वेल फूटभर झाला की बुंध्यापासून थोडं दूर ओंजळभर गांडूळखत आणि मूठभर राख द्या; कळ्या दिसू लागल्या की पुन्हा एकदा. युरिया नको. त्याने खोड लिबलिबीत होतं, पानं गर्द होतात आणि कळ्या कमी लागतात. कुंडीतलं खत पावसाने धुपून जातं, म्हणून तिथे उघडीप बघून पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात द्या. गवत हाताने उपटा, बुंध्याशी कोयता-खुरपं चालवू नका.

७. काय बिघडतं आणि का

कोंब आला आणि सकाळी नाहीसा झाला: हे काम गोगलगाईचं. पहिल्या पावसानंतर त्या रात्री बाहेर पडतात आणि कोवळा कोंब मुळापासून कुरतडतात. त्या फांट्याला दुसरा कोंब बहुधा येत नाही, म्हणून पहिले पंधरा दिवस रात्री बॅटरी घेऊन वेचा. कोंबाभोवती प्लास्टिकच्या बाटलीचं कापलेलं कडं मातीत रोवलं तर बरंच निभावतं. मीठ टाकू नका, ते मातीत उतरतं.

पानं दोन दिवसांत फस्त: काळसर अंगावर पांढरे आणि तांबूस ठिपके असलेल्या अळ्या झुंडीने दिसतील. ही लिलीवरची अळी, पॉलिटेला ग्लोरिओसी. कळलावीचं विष हिला बाधत नाही, उलट तिचं ते आवडतं खाणं. जुलैपासून आठवड्यातून दोनदा पानं उलटून बघा. अळ्या लहान असताना एकाच पानावर गोळा असतात, ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की काम झालं. मोठ्या होऊन वेलभर पांगल्या की वेचता वेचता पुरेवाट होते. निंबोळी तेल पाच मिली आणि थोडा द्रव साबण एक लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा, पण निदान अर्धा दिवस उघडीप मिळणार असेल तरच. भर पावसात फवारलेलं तेल सगळं जमिनीत जातं.

पानांवर तपकिरी ठिपके, त्यात वर्तुळं: हा अल्टरनेरिया बुरशीचा करपा. सलग झडीत आणि दाटीत वाढतो. डागाळलेली पानं काढा, वेल मोकळा करा. पोफळीच्या कोळेरोगासाठी एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) कराल, त्यातलंच थोडं इथेही फवारा. मिश्रण मात्र त्याच दिवशी संपवा. दुसरा पर्याय मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, लिटरला दोन ग्रॅम.

भर पावसात अख्खा वेल पिवळा पडून बसला: बुंधा हलकेच उकरून बघा. कंद मऊ आणि वास येणारा असेल, किंवा बुंध्याशी पांढरे बुरशीचे धागे आणि मोहरीएवढे दाणे दिसत असतील, तर तो कंद भोवतीच्या मातीसकट काढून टाका. त्या जागी पुढची तीन-चार वर्षं पुन्हा लावू नका. औषधाने कुजलेला कंद परत येत नाही.

वेल जोमदार पण फूल नाही: कंद लहान होता, सावली जास्त आहे किंवा नत्र जास्त झालं. क्रम बहुतेक हाच.

८. फुलं

लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत पहिली कळी उमलते. कळी खाली मान घालून असते. उमलताना नागमोडी काठाच्या सहा पाकळ्या मागे उलटत वर उभ्या राहतात, आणि हिरव्याच्या पिवळ्या, पिवळ्याच्या केशरी, शेवटी तांबड्यालाल होत जातात. एकाच वेलावर खाली लाल आणि शेंड्याला हिरवट-पिवळी अशी सगळी पायरी एकदम दिसते. फूल आठवडाभर सहज टिकतं.

बरेच ठिकाणी गौरीला तेरड्याबरोबर ही फुलं लागतात. तोडताना फूल आणि आखूड देठ एवढंच घ्या. फूटभर वेल पानांसकट कापलात तर तेवढं अन्न कंदाला कमी, म्हणजे पुढच्या वर्षी तेवढी फुलं कमी. निर्माल्य गोठ्याच्या बाजूला टाकू नका.

बी धरायचं नसेल, आणि घरात मुलं येत-जात असतील, तर सुकलेली फुलं लगेच खुडा. शेंग तडकली की आतले शेंदरी-लाल दाणे मुलांना खुणावतात.

९. ऑक्टोबर: इथे बहुतेकांचं चुकतं

पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात थांबतो आणि ऊन एकदम चटके देऊ लागतं. वेल अजून हिरवा असतो. लावलेला जुना कंद या हंगामात खर्ची पडतो आणि त्याच्या जागी नवा भरत असतो. तो भरायचा काळ नेमका हाच. फुलं संपली म्हणून वेल कापला किंवा पाणी अजिबात दिलं नाही, तर नवा कंद करंगळीएवढाच राहतो. म्हणून पानं हिरवी असेपर्यंत तीन-चार दिवसांनी हलकं पाणी द्या. पानं आपोआप पिवळी पडू लागली की कमी करा, वेल वाळला की पूर्ण बंद. हे सारं नोव्हेंबरअखेर आटोपतं.

वाळलेला वेल ओढून उपटू नका, त्याच्याबरोबर कंदाचा सांधाही हलतो. जमिनीपासून दोन इंचांवर कापा आणि खुंटी जागेवर ठेवा.

१०. कंद ठेवायचे की काढायचे?

जागा डिसेंबर ते मे कोरडी राहणार असेल तर कंद जमिनीतच ठेवा. तिला वारंवार हलवलेलं आवडत नाही. तीन-चार वर्षांनी दाटी झाली की मगच काढा. शिंपण असेल, रानडुकरं बांध उकरत असतील किंवा कुंडी हलवायची असेल तर मात्र डिसेंबरमध्ये काढा.

खुंटीपासून फूटभर दूर खुरपं घाला आणि माती आतल्या बाजूने हाताने मोकळी करत या. कंद लावला होता त्याहून खोल आणि आडवा सरकलेला असतो, कधी सहा-आठ इंचांवर सापडतो. टोकं सांभाळा. माती झटका, धुऊ नका. दोन दिवस सावलीत सुकवून भाताच्या तुसात किंवा कोरड्या वाळूत, हवा खेळेल अशा खोक्यात एकमेकांना न टेकवता ठेवा. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘विषारी’ लिहा आणि ते कांदे-बटाटे, कणग्या असतील त्या खोलीत ठेवूच नका. महिन्यातून एकदा उघडून बघा आणि मऊ पडलेला कंद काढून टाका.

११. बियांपासून करायचं असेल तर

धीर असेल तरच. वाऱ्या-फुलपाखरांच्या भरवशावर शेंगा कमी धरतात. सकाळी एका झाडाच्या फुलातला पराग मऊ कुंचल्याने दुसऱ्या झाडाच्या फुलाच्या काटकोनात वळलेल्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावा. शेंग वाळून तडकू लागली की हातमोजे घालून बी काढा आणि कागदाच्या पुडीत पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरडं ठेवा. ताजं बी रुजत नाही. मेअखेरीस रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ट्रेमध्ये अर्धा इंच खोल पेरा. काही महिनाभरात उगवतात, काही तीन महिन्यांनी, काही पुढच्या वर्षी, म्हणून ट्रेतली माती लवकर ओतून टाकू नका. पहिल्या वर्षी चार पानं आणि वाटाण्याएवढा कंद एवढीच कमाई. फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोवर ही रोपं कुंडीतच ठेवा, कारण जमिनीत इतका बारीक कंद पुन्हा सापडत नाही.